वाचक विचारतात : माल चढताना पाणी कसं उतरवायचं?

गेल्या अंकात बोटीवरच्या नोकऱ्यांची माहिती देताना आम्ही लिहिलं होतं, की बल्क कॅरियरवर माल भरताना चीफ ऑफिसरचं अर्धं लक्ष मालावर आणि अर्धं बॅलास्टवर असतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सर्वांत जास्त पत्रं आली ती या एका वाक्यावर. कोळसा, लोहखनिज, धान्य, साखर असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांपुरतीच ही उत्तरं आहेत. कंटेनर आणि टँकरचं गणित वेगळं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रिकाम्या जहाजात मुद्दाम पाणी कशासाठी भरतात? आणि सोडतात तेव्हा विसर्ग किती असतो? आम्हा सांगलीकरांना क्युसेकमध्ये सांगितलं तर लवकर कळेल. — एक वाचक, सांगली

उत्तर : रिकामं जहाज पाण्याच्या फार वर तरंगतं. प्रोपेलर अर्धा उघडा पडतो, पुढचा तळ लाटांवर आपटतो आणि उंच बाजूंवर वारा बसून जहाज भलतीकडे ढकललं जातं. म्हणून समुद्राचंच पाणी टाक्यांत घेऊन ते खाली बसवायचं, त्याला बॅलास्ट म्हणतात. या टाक्या मालाच्या कप्प्यांत, म्हणजे होल्डमध्ये, नसतात. होल्डच्या तळाखाली डबल बॉटम, तळाच्या दोन्ही कडांना तिरप्या हॉपर टाक्या, वर डेकखालच्या कोपऱ्यांत टॉपसाइड आणि दोन्ही टोकांना फोरपीक व आफ्टपीक. हवामान फारच खराब असेल तर मधला एक ठरावीक होल्डही पाण्याने भरतात.

सुमारे ७५,००० टनी पॅनामॅक्स जहाजात होल्ड सोडून साधारण २०,००० टन पाणी बसतं, १,७५,००० टनी केपसाइजमध्ये ५०,००० टनांच्या आसपास. १ क्युसेक म्हणजे ताशी सुमारे १०२ घनमीटर. केपसाइजचे ताशी २,५०० घनमीटरचे दोन पंप पूर्ण चालले तर ४९ क्युसेक, पॅनामॅक्सचे १,००० चे दोन पंप तर जेमतेम २० क्युसेक. कोयनेतून सुटणाऱ्या पाण्यापुढे हा ओढाच. पण या ओढ्यातून ५०,००० टन पाणी ठरलेल्या तासांत आणि ठरलेल्या क्रमानेच बाहेर काढायचं असतं.

प्रश्न : मी डेक कॅडेट म्हणून बल्क कॅरियरवर जाणार आहे. लोडिंग प्लॅनमध्ये बॅलास्टचा हिशोब नक्की कसा बसवतात? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : हिशोब पंपाच्या खऱ्या वेगापासून सुरू करा. पंपाच्या पाटीवर १,००० लिहिलेलं असतं, पण तेवढं पाणी टाकी भरलेली असतानाच निघतं. पातळी खाली गेली की आकडा घसरतो. दोन पंपांचे मिळून ताशी १,६०० धरलेत तर प्लॅन खोटा ठरणार नाही. टाकीच्या तळाचं शेवटचं पाणी काढायला, म्हणजे स्ट्रिपिंगला, वेगळा वेळ धरायचा.

समजा ७ होल्डचं पॅनामॅक्स आहे, ७०,००० टन माल घ्यायचा आहे आणि लोडर, म्हणजे धक्क्यावरचं माल ओतणारं यंत्र, ताशी ३,००० टन टाकतो. नुसतं भरायलाच २३ तासांच्या वर लागतील. २०,००० टन पाण्याला साडेबारा तास, स्ट्रिपिंगला आणखी पाच. वरवर पाहता निवांत वाटतं. पण अडचण एकूण वेळेत नसते, प्रत्येक पोअरमध्ये, म्हणजे एका होल्डमध्ये एका वेळी ओतायच्या मालात, असते. ५ नंबरच्या होल्डमध्ये ६,००० टनांचा पोअर असेल तर लोडर तो दोन तासांत संपवतो. त्याच वेळी त्या होल्डखालच्या जोडीच्या टाक्यांतून २,४०० टन पाणी निघायला हवं. दोन्ही पंप चालू असतील तर दीड तासात काम होतं, अर्धा तास हाताशी राहतो. एक पंप बंद पडला की तेच काम तीन तासांचं होतं. लोडर तोवर पुढच्या होल्डवर सरकलेला असतो. ५ नंबरमध्ये माल आणि त्याच्या खाली पाणी, शेजारचा होल्ड रिकामा, त्यामुळे मधल्या बल्कहेडवर, म्हणजे दोन होल्डमधल्या भिंतीवर, शिअर फोर्स (कापू पाहणारा जोर) चढतो आणि संपूर्ण जहाजाला वाकवणारा बेंडिंग मोमेंटही वाढतो.

म्हणून प्लॅनमध्ये प्रत्येक पोअरसमोर कोणती टाकी रिकामी होणार, त्या टप्प्याअखेर पुढचा-मागचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय) किती, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट मर्यादेच्या किती टक्के, हे लिहिलेलं असतं. लोडिंग कॉम्प्युटर दोन मर्यादा दाखवतो, बंदरातली आणि समुद्रातली. धक्क्याला लाटा नसल्यामुळे बंदरातली मर्यादा सैल असते. मधले सगळे टप्पे बंदराच्या मर्यादेत चालतात, पण सुटतानाची स्थिती समुद्राच्या मर्यादेतच हवी. एक होल्ड एका दमात न भरता दोन फेऱ्यांत भरतात त्याचंही कारण हेच. ब्राझीलमधल्या पोन्ता दा मदेइरा टर्मिनलवर १९९४ मध्ये ट्रेड डेअरिंग हे जहाज खनिज भरत असतानाच धक्क्याला मोडलं होतं. आजचे लोडर तर आणखी जोरात ओततात. ताशी ८,००० टनांचा लोडर थांबवायला दहा मिनिटं उशीर केलात तर १,३०० टन जास्तीचा माल आत पडलेला असतो.

आणखी तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा. पहिली ट्रिम, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधला फरक. जहाज मागच्या बाजूला दीड-दोन मीटर बसलेलं ठेवायचं, कारण टाक्यांची सक्शन, म्हणजे पाणी ओढायचं तोंड, मागच्या टोकाला असते. दुसरी लिस्ट, म्हणजे जहाजाचं एका बाजूला कलणं. ३२ मीटर रुंदीच्या जहाजाला फक्त १ अंश लिस्ट आली तरी डाव्या आणि उजव्या ड्राफ्टमध्ये ५६ सेंटिमीटरचा फरक पडतो. एका बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नाही तरी एवढं होतं. तिसरी एअर ड्राफ्ट, म्हणजे जहाजाची पाण्यावरची उंची. सुरुवातीला माल कमी असताना पाणी घाईने काढलं आणि भरती आली, तर जहाज इतकं उंच उठतं की लोडरचा बूम हॅच कोमिंगच्या (होल्डच्या तोंडाभोवतीच्या उंच कडेच्या) वरून जाईना होतो.

शेवटचे १,५००-२,००० टन मालाचे ट्रिमसाठी राखून ठेवतात. ते पुढच्या आणि मागच्या होल्डमध्ये विभागून ड्राफ्ट जुळवायचा असतो. त्याआधी बॅलास्ट पूर्ण संपलेलं हवं, नाहीतर ड्राफ्ट वाचून काही उपयोग नाही. आणि लोडर थांबवा म्हटल्यावर पट्ट्यावर चढलेला माल होल्डमध्ये यायचाच असतो. तो किती टन, हे फोरमनला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : विहिरीवरची मोटार पाणी कमी झालं की हवा धरते. जहाजावरही तसं होतं का? मग तळाचं पाणी काढतात कसं? — एक बागायतदार, तासगाव

उत्तर : अगदी तसंच होतं, कारण पंप तोच, सेंट्रिफ्यूगल. पातळी मीटरभराच्या खाली गेली की सक्शनच्या तोंडाशी भोवरा पडतो आणि पाण्याबरोबर हवा आत जाते. अँपिअर पडतात, डिस्चार्ज गेजचा काटा थरथरतो आणि केसिंगमधून खडखड ऐकू येते. तसाच चालू ठेवला तर मेकॅनिकल सील जळतं. म्हणून काटा थरथरायच्या आतच डिस्चार्ज व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करतात, पुढच्या भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह थोडा उघडून पंपाला पाणी देतात आणि मगच जुनी टाकी बंद करतात.

राहिलेलं पाणी एडक्टरने निघतं. एडक्टरमध्ये फिरणारा भागच नसतो. फायर आणि जीएस (जनरल सर्व्हिस) पंपाचं दाबाचं पाणी अरुंद नोझलमधून सुटतं आणि त्याच्या ओढीने टाकीतलं पाणी हवेसकट खेचलं जातं. इथे क्रम पाळावाच लागतो. आधी ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह, मग ड्राइव्हचं पाणी, सक्शन गेजवर व्हॅक्यूम दिसला की मग टाकीचा व्हॉल्व्ह. बंद करताना उलट, सर्वांत आधी टाकी. हे चुकलं की ड्राइव्हचं पाणी टाकीतच जातं आणि निथळत आणलेली टाकी पुन्हा भरू लागते. एका वेळी एकच टाकी घ्यावी. दोन उघड्या ठेवल्या तर आधी कोरडी झालेली टाकी हवा देत राहते आणि दुसरीतलं पाणी हलत नाही.

साउंडिंगचा टेप पाइपमध्ये सोडून खोली मोजतात तेव्हा ट्रिम विसरायची नाही. टाकी ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद आहे आणि साउंडिंग १० सेंटिमीटर आलं. जहाज सपाट असेल तर हे ३६ घनमीटर पाणी झालं. २१७ मीटर लांबीच्या जहाजाला मागे २ मीटर ट्रिम असेल तर पाणी फक्त मागच्या कोपऱ्यात पाचरीसारखं उभं असतं, ते जेमतेम साडेसहा घनमीटर. उलट जहाज नाकावर असेल तर मागच्या पाइपात टेप कोरडा येतो आणि पुढे पाणी खुशाल पडून असतं.

एवढ्या थोड्या पाण्यासाठी कशाला जीव काढायचा, असं नव्या मुलांना वाटतं. सपाट जहाजात अशा १२ टाक्यांत ५-५ सेंटिमीटर पाणी राहिलं तर सुमारे २२० टन होतात. तेवढा माल धक्क्यावर सोडावा लागतो आणि त्याचं भाडं बुडतं. बऱ्याचदा दोष पंपाचा नसतोही. नदीच्या मुखाशी घेतलेल्या पाण्यातला गाळ तळाच्या फ्रेममधल्या छोट्या भोकांत बसतो आणि पाणी सक्शनपर्यंत पोचतच नाही. पंप तासभर चालतो, साउंडिंग तसंच. अशा टाकीत पुढच्या फेरीला माणसं उतरवून गाळ काढण्याखेरीज इलाज नाही.

प्रश्न : आमचा मुलगा थर्ड ऑफिसर आहे. 'बॅलास्ट मागे पडलं म्हणून लोडिंग थांबवलं, टर्मिनलवाले फार चिडले' असं तो फोनवर म्हणाला. जहाजाला असा अधिकार असतो का? त्याच्या नोकरीवर तर येणार नाही ना? — एक आई, मिरज

उत्तर : असतो, आणि काळजी करू नका, तुमच्या मुलाच्या जहाजाने योग्य तेच केलं. सोलास या जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या प्रकरणातला ७ वा नियम सांगतो, की माल भरण्याआधी कॅप्टन आणि टर्मिनल यांनी प्लॅन लेखी ठरवायचा आणि मर्यादा ओलांडली किंवा ओलांडली जाण्याची शक्यता दिसली तर कॅप्टनला काम थांबवण्याचा हक्क आहे. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या बीएलयू कोडमध्ये, म्हणजे सुटा माल भरण्या-उतरवण्याच्या नियमावलीत, याची पद्धत आणि दोघांनी सही करायची चेकलिस्टही आहे. टर्मिनलवाल्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे, मागे दुसरं जहाज उभं असतं. वाद टाळायचा असेल तर बॅलास्ट काढायला किती तास लागतील हे जहाजाने आधीच खरं सांगावं. धक्का लवकर मिळावा म्हणून कमी तास सांगणारी जहाजंही असतात आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : मी आयटीआय फिटर आहे, जहाजावर जायच्या तयारीत आहे. या कामात फिटर आणि खलाशांच्या हातून काय चुका होतात? — एक वाचक, कराड

उत्तर : सर्वांत महागात पडते ती व्हेंटची, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीची, चूक. टाकीतून ताशी शेकडो टन पाणी निघतं तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. डेकवरच्या व्हेंट हेडमधली फ्लोट डिस्क गंजून चिकटली असेल किंवा रंगकामाच्या वेळी तोंडाला बांधलेलं कापड तसंच राहिलं असेल, तर आत व्हॅक्यूम होतो आणि पत्रा आत ओढला जातो. भरताना याच्या उलट, पत्रा फुगतो. पंप चालू झाल्यावर व्हेंटच्या तोंडाशी तळहात धरून पाहा, हवा ओढली जातेय हे हाताला कळतं. कळत नसेल तर लगेच वॉकीटॉकीवर पंप थांबवायला सांगा.

दुसरी जागा म्हणजे पाणी भरायचा होल्ड. त्यात पाणी घेण्याआधी बिल्ज सक्शनला (होल्डच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायच्या नळीला) ब्लँक, म्हणजे बंद चकती, लावतात. माल भरण्याआधी हे सगळं फिरवायचं असतं. बॅलास्ट वेलवर (तळाच्या खड्ड्यावर) गॅस्केटसह झाकण बोल्टने घट्ट, बॅलास्ट लाइनला ब्लँक आणि बिल्जचा ब्लँक काढलेला. बॅलास्ट लाइनचा ब्लँक लावायचा राहिला तर एखादा व्हॉल्व्ह गळला तरी समुद्राचं पाणी थेट मालात येतं. बिल्जचा काढायचा राहिला तर घामाचं आणि गळतीचं पाणी उपसता येत नाही. बिल्ज वेलच्या जाळीवर गोणपाट बांधायचं, म्हणजे मालाची भुकटी आत जात नाही. पाणी भरलेलं असताना या होल्डचा वॉटर लेव्हल अलार्म बंद ठेवलेला असतो, तो पुन्हा चालू केला का हे ड्यूटी ऑफिसरला विचारायला लाजू नका. आणि होल्डमधलं पाणी काढताना हॅच कव्हर किंवा त्याचे व्हेंट उघडे हवेत.

रिमोट पॅनलवरच्या दिव्यांवर फार विसंबू नये. हायड्रॉलिक बटरफ्लाय व्हॉल्व्हचा दिवा 'बंद' दाखवतो आणि रबर सीटमध्ये खडा अडकल्यामुळे व्हॉल्व्ह बोटभर उघडा राहतो, हे नेहमीचंच. ज्या टाकीला हात लावलेला नाही तिचं साउंडिंगही दर दोन तासांनी घ्यायचं ते एवढ्यासाठीच.

प्रश्न : हे पाणी एका देशातून दुसऱ्या देशात जातं, तर त्यातले जीवही जात असणार. त्यावर बंधन आहे का? — जीवशास्त्राच्या एक शिक्षिका, वाई

उत्तर : आहे. झेब्रा मसल हा काळ्या-कास्पियन समुद्राकडचा शिंपला १९८० च्या दशकात बॅलास्टमधून उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोचला आणि पाणीपुरवठ्याचे पाइप त्याने चोंदवून टाकले. अशा उदाहरणांमुळे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. आधी खोल समुद्रात पाणी बदललं तरी चालत असे. किनाऱ्यापासून शक्यतो २०० सागरी मैल दूर, किमान २०० मीटर खोलीवर टाकीच्या तिप्पट पाणी फिरवायचं. ८ सप्टेंबर २०२४ पासून कराराखालच्या जहाजांना डी-२ मानक पाळावं लागतं. सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी, १० ते ५० मायक्रॉनचे दर मिलिलिटरला १० पेक्षा कमी हवेत. शिवाय कॉलऱ्याचे जंतू, ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकाय यांच्याही मर्यादा आहेत.

माल भरण्याच्या वेळापत्रकावर याचा थेट परिणाम होतो, तो फारसा कोणी सांगत नाही. पूर्वी टॉपसाइड टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडले की पाणी आपल्या वजनानेच बाहेर पडायचं, पंप डबल बॉटमसाठी मोकळे राहायचे. अतिनील किरणांची यंत्रणा असेल तर पाणी घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा तिच्यातून न्यावं लागतं. म्हणजे टॉपसाइडचं पाणीही यंत्रणेच्या रांगेत उभं राहतं. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत आणि यंत्रणा आपोआप प्रवाह कमी करते. क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्रणेत सोडताना उरलेला क्लोरीन मारणारं रसायन घालावं लागतं. त्याचा साठा बंदरात शिरण्याआधी तपासायचा. जुने प्लॅन जसेच्या तसे वापरणारे इथेच अडकतात. प्रत्येक टाकीचं पाणी कुठे घेतलं, कुठे सोडलं, प्रक्रिया केली का, हे बॅलास्ट वॉटर रेकॉर्ड बुकमध्ये लिहिलेलं असतं आणि परक्या बंदरातला इन्स्पेक्टर बहुतेक वेळा आधी तेच मागतो.

प्रश्न : आमच्या कारखान्याची कच्ची साखर कोकणातल्या बंदरातून सुटी भरली गेली. काट्यावरचं वजन आणि जहाजाच्या ड्राफ्ट सर्व्हेचं वजन जुळलं नाही. बॅलास्टमुळे असं होतं का? — साखर कारखान्यातील एक कर्मचारी, वाळवा

उत्तर : बऱ्याचदा होतं. ड्राफ्ट सर्व्हेमध्ये जहाजाने किती पाणी बाजूला सारलं यावरून एकूण वजन काढतात आणि त्यातून जहाज, इंधन, गोडं पाणी आणि बॅलास्ट वजा करतात. भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे माल. सर्व्हे चांगला झाला तरी अर्धा टक्का फरक मान्यच धरतात, ५०,००० टनांवर तो २५० टन होतो.

५५-६० हजार टनी जहाजात सरासरी ड्राफ्ट १ सेंटिमीटर चुकला की सुमारे ५७ टन चुकतात. पाण्याची घनता १.०२५ ऐवजी १.०२४ निघाली तर ६०,००० टन विस्थापनावर ५८-५९ टन. खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात घनता याहून कितीतरी खाली येते, म्हणून हायड्रोमीटरने (घनता मोजायच्या उपकरणाने) तपासायचं पाणी जहाजाजवळूनच आणि खोलीवरून घ्यायला हवं. सर्वांत मोठी गफलत मात्र पहिल्या सर्व्हेत होते, कारण तेव्हा टाक्या भरलेल्या असतात. 'भरलेली' म्हणून लिहिलेल्या टॉपसाइड टाकीत वर हवेचा कप्पा असेल, किंवा साउंडिंगला ट्रिमची दुरुस्ती लावली नसेल, तर दोन-चार टाक्यांतच शंभर टन इकडचे तिकडे होतात. टाकी खरंच काठोकाठ आहे का, हे व्हेंटमधून पाणी वाहू देऊनच कळतं.

साखरेचा आणखी एक धोका. आपल्याकडे पोती फोडून होल्डमध्ये ओततात, दिवसाला काही हजार टन. एवढ्या संथ कामात पंपांना घाई नसते, म्हणून टॉपसाइडचं पाणी 'नंतर काढू' म्हणून राहून जातं. ही टाकी साखरेच्या डोक्यावर असते. तिच्या तिरप्या पत्र्याला केसाएवढी चीर असली किंवा मॅनहोलचं गॅस्केट गळकं असलं की पाणी थेट साखरेवर ठिबकतं. साखर ओतायच्या आधीच त्या होल्डवरच्या टॉपसाइड रिकाम्या करून घ्याव्यात. त्या भरलेल्या असतानाच होल्डमध्ये उतरून पत्र्याच्या खालच्या बाजूने गंजाचे ओघळ किंवा ओल दिसते का, हे टॉर्च मारून पाहता येतं.

पुढच्या वेळी कारखान्याचा सर्व्हेअर दोन्ही सर्व्हेंना, विशेषतः पहिल्याला, हजर ठेवा. टाकीनिहाय साउंडिंगचा तक्ता, त्यावेळची ट्रिम आणि घनता यांची सही केलेली प्रत मागून घ्या. नंतर वाद झाला तर काट्याच्या पावत्यांसमोर तोच कागद ठेवता येतो.